हिशेब तपासताना देवाचे स्मरण कसे राहावे?

कोथरूडकर:
नमस्कार. मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. सकाळी डबे भरून झाले की देवापुढे बसून हरिपाठ म्हणते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी मन कार्यालयाच्या ग्रुपवर जाऊन येतेच, पण ते सर्वांचेच होत असावे. माझी अडचण त्यापुढची आहे. पोळ्या लाटताना किंवा वनाजहून रामवाडीला जाणाऱ्या मेट्रोत बसल्यावर नाम घेता येते. परंतु जीएसटीचे विवरणपत्र भरताना लक्ष जरा हलले तरी आकडा चुकतो, आणि लक्ष आकड्यांत गेले की संध्याकाळपर्यंत देवाची आठवणसुद्धा होत नाही. ज्याला अखंड स्मरण म्हणतात ते अशा कामात शक्य आहे का, की ते केवळ हातांनी करायच्या कामांपुरतेच सांगितलेले आहे?

सदाशिव पेठेतील वाचक:
ताई, गीतेच्या आठव्या अध्यायातील सातव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला ‘मामनुस्मर युध्य च’ असे सांगतात. धनुष्य ओढताना ज्याचे लक्ष विचलित झाले तर प्राणावर बेतेल, त्याला ही आज्ञा आहे, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे स्मरण हा कामाच्या शेजारी चालू ठेवायचा दुसरा विचार नसून ते काम कोणासाठी चालले आहे याची आत मुरलेली जाणीव असली पाहिजे. नवव्या अध्यायात जे जे करशील ते मला अर्पण कर असे म्हटले आहे, त्यात विवरणपत्रही आले. काम उघडण्यापूर्वी नाम घ्यावे, मिटल्यावर पुन्हा घ्यावे, आणि मधला वेळ निःशंकपणे आकड्यांना द्यावा. अर्धे चित्त देवाकडे आणि अर्धे ताळेबंदाकडे ठेवण्याचा आग्रह धरू नये. त्यात दोन्हीकडे उणेपणा येतो. हरिपाठाच्या वेळी भटकणाऱ्या मनाविषयी सहाव्या अध्यायातील सव्विसावा श्लोक पाहावा: मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावे, एवढेच तिथे सांगितले आहे.

वारकरी, हडपसर:
काकांचे म्हणणे मान्य आहे, पण आरंभी आणि शेवटी अर्पण केले की झाले, असे मानल्यास त्याची लवकरच सवय होते आणि ते सहीशिक्क्यासारखे उरकले जाते. नामदेव महाराजांची एकसष्ट पदे शीख पंथाच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांपैकी एक पद ताईंच्या प्रश्नाला नेमके लागू पडते. त्यात पतंग उडवणारा मुलगा सोबत्यांशी गप्पा मारतो, परंतु त्याचे चित्त दोरीवर असते; बाळाला पाळण्यात निजवून आई घरात-बाहेर कामे करते, तरी तिचे चित्त बाळापाशीच राहते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याचे ध्रुवपद, कारण त्यात सोन्याच्या कारागिरीत चित्त गुंतवणाऱ्याचा दाखला आहे. त्याचे काम तुमच्या आकड्यांइतकेच नाजूक! नामदेव महाराज स्वतः शिंपी होते आणि सावता महाराज मळ्यात राबत, त्यामुळे कामाची त्यांना अडचण वाटली नाही.

आणखी एक गोष्ट. एकट्याने लक्ष टिकवणे अवघडच असते. पालख्या दरवर्षी पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हाचा गोंगाट आपण सर्वांनी अनुभवला आहे. पुढे दिवेघाटात तर गाड्यांचे हॉर्न, पाण्याचे टँकर आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी असे सगळेच असते. तरी दिंडीतील माणसाचे अनुसंधान सुटत नाही, कारण त्याच्या तोंडून चरण निसटला तर मागचा तो उचलतो. ताईंनी आठवड्यातून एखादी संध्याकाळ भजनाला द्यावी असे सुचवतो.

कॅम्पातील वाचक:
मी ख्रिस्ती आहे, तरी हा प्रश्न आमच्याकडेही जुनाच आहे. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू स्वयंपाकघरात राबत होते. त्या कामाची त्यांना मुळात आवड नव्हती, परंतु भांड्यांच्या आवाजात आणि अनेकांच्या एकाच वेळच्या हाकांतही देवाचे सान्निध्य प्रार्थनेच्या वेळेइतकेच लाभते, असे ते सांगत. देवाचा विसर पडल्याचे लक्षात आले की ते त्याची खंत करत बसत नसत. देवाला तसे सांगून पुन्हा कामाला लागत. ताईंच्या प्रश्नातील ‘आठवणसुद्धा होत नाही’ या शब्दांत मला थोडी खंत दिसली, म्हणून हे लिहिले. संध्याकाळी आठवण होते, ती तरी कुठून येते?

कोथरूडकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तासातासाला मोबाइलवर घंटा लावण्याचा उपाय एका मैत्रिणीने सुचवला होता, परंतु आधीच इतक्या सूचना वाजत असतात की तीही त्यांतलीच एक झाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे फाइल उघडताना आणि मिटताना नाम घेऊन पाहते, आणि ते केवळ सहीशिक्का होऊ नये म्हणून भजनाचीही जोड देईन. कोथरूड परिसरात सायंकाळी साडेसातनंतर हरिपाठ होत असेल असे एखादे मंदिर कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे. महिनाअखेरीस मला त्याआधी पोहोचणे जमत नाही.