ओल्ड ग्रोथ : 'जुनं रान' की 'जून रान'?

माळवाट : अलास्कातल्या टोंगास या सरकारी जंगलावरचा लेख मराठीत आणतेय. सुमारे १.६७ कोटी एकरांचं जंगल. २००१ च्या नियमाने तिथल्या बिनरस्त्याच्या भागात नवे रस्ते आणि बहुतांश तोड बंद झाली, २०२० मध्ये टोंगासला त्यातून वगळलं, २०२३ मध्ये पुन्हा त्या नियमाखाली आणलं. शतकानुशतकं करवत न लागलेल्या अशा जंगलाला 'ओल्ड ग्रोथ' म्हणतात. मी 'जुनं रान' लिहिलं. दादा म्हणाला, सोलापुरात रान म्हणजे शेत. 'जुनं रान वाचवा' म्हटलं तर लोकांना वाडवडिलांच्या जमिनीचा वाद वाटेल. काय लिहू?

तुळजापूरवेस : दादांचं बरोबर. आमच्याकडे 'रानात गेलेत' म्हणजे ज्वारी काढायला गेलेत. सरळ 'देवराई' लिहा की.

पूर्वभाग : देवराई नको ओ. ती गाव राखतं, देवाच्या धाकानं, आणि बहुतेक काही एकरांतच असते. टोंगास सरकारचं, आणि लाकूड विकणारंही सरकारच. खरं भांडण तिथंच आहे. देवराई म्हटलं की ते दिसतच नाही.

जुनाकारकून : 'जून' घ्या. जून भेंडी, जून बांबू, जून साग. पुऱ्या वाढीला याहून नेमका शब्द मराठीत नाही.

माळवाट : काका, 'जून साग' हे सुताराचं बोलणं झालं. तिकडचे वनाधिकारीही अशा झाडांना 'अतिपक्व' म्हणायचे, म्हणजे तोडायला उशीर झालेली. लेखाचं म्हणणं नेमकं उलटं आहे. वठून उभं राहिलेलं खोड, पडून कुजणारा ओंडका यांच्यावरच ते जंगल चालतं. ओंडक्यावरच्या शेवाळात हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची रोपं रुजतात. पुढे ओंडका मातीला मिळतो, पण झाडं एका ओळीत उभी राहिलेली दिसतात. 'जून' लिहिलं तर वाचक लाकडाचा भाव काढेल.

पूर्वभाग : आमच्या घरी तेलुगूत जंगलाला 'अडवि', कन्नडवालेही तेच म्हणतात. संस्कृतात अटवी. आपलं 'आडरान' त्यातलंच असणार.

जुनाकारकून : मुळीच नाही. आडवाट, आडगाव, तसं आडरान. आड म्हणजे बाजूला. दिसलं साम्य की जोडली व्युत्पत्ती, असं चालत नाही.

तुळजापूरवेस : शब्दावर जंगल राहतं किंवा जातं, हे तरी मानाल? १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 'वन'चा अर्थ कोशातला धरला, मालकी कुणाचीही असो. त्यामुळं केवढं तरी जंगल १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली आलं. आणि सोलापूरजवळचं आपलं नान्नज बघा. १९७९ पासून अभयारण्य, पण अरण्य कुठंय? माळ आहे, आणि माळच हवा. माळढोक पक्ष्याला उघडं गवत लागतं. 'पडीक' म्हणून अशा माळांवर झाडं लावली जातात, हे थांबायला पाहिजे.

जुनाकारकून : 'पडीक'ला दोष देऊ नका. पडीक म्हणजे नांगर न लागलेली, निकामी नव्हे. आमचे वडील एक तुकडा मुद्दाम पडीक ठेवायचे, गुरांना चरायला.

तुळजापूरवेस : मग सात-बारावरचा 'पोटखराबा' बघा. बोरी, बाभळी, गवत, तितर, सगळं एका 'खराब्या'त.

जुनाकारकून : तो महसुलाचा शब्द आहे. लागवडीलायक नसलेली जमीन, एवढाच अर्थ.

तुळजापूरवेस : एवढाच कसा? लायक नाही हे ठरवलं कुणी?