मदत हवी आहे: मागच्या सीटवर कमी उंचीच्या आईला सीटबेल्ट नीट बसत नाही

चिपळूणची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न आधी, पाल्हाळ नंतर.

आई 71 वर्षांची, उंची चार फूट नऊ इंच, वजन पंचेचाळीसच्या आसपास. हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणून गोळ्या चालू आहेत. गाडी साधी हॅचबॅक, 2022 सालची, पुढे दोन एअरबॅग. पुणे-चिपळूण सतत जाणं-येणं असतं. आई कायम मागे डावीकडे बसते. "पुढे बसलं की समोरून येणारा ट्रक अंगावर येतोय असं वाटतं," हे कारण.

मागचा बेल्ट तिला बसतच नाही. खांद्यावरचा पट्टा थेट गळ्याला घासतो, त्यामुळे माणगाव यायच्या आत ती तो काखेतून खाली घेते. कमरेचा पट्टा निऱ्यांवरून सरकत सरकत पोटावर येतो. मी ओरडले की नीट करते, दहा मिनिटांनी परत तेच. तिची चूक आहे असं मला वाटत नाही. पट्टाच तिच्या मापाचा नाही.

ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन वस्तू दाखवल्या. एक, तिकोनी कापडी तुकडा, खांद्याचा पट्टा आणि कमरेचा पट्टा त्यात अडकवायचा, म्हणजे गळ्यापासून पट्टा खाली येतो. दुसरी, प्लास्टिकची क्लिप, पट्टा थोडा सैल करून तिथेच धरून ठेवणारी. यातलं काही घेण्यासारखं आहे का? की खाली जाड उशी देऊ? आणि मुळात गाड्या बनवणारे लोक या उंचीच्या माणसांचा विचार करतात की नाही?

"बेल्ट लावायलाच हवा, कायदा आहे" असे प्रतिसाद कृपया नकोत. कायदा माहीत आहे, हजार रुपये दंडही माहीत आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री मागे बेल्ट न लावता बसले आणि अपघातात गेले तेव्हापासून आमच्याकडे मागे बसणाराही बेल्ट लावतो. प्रश्न लावण्याचा नाही, बसण्याचा आहे.

रानवारा

आमच्या सासूबाईंना तो तिकोनी तुकडा घेतला आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. गळ्याला घासणं बंद, सासूबाई खूश, आम्हीही खूश. डोळे झाकून घ्या.

टॉर्शनबार

रानवारा, राग मानू नका, पण डोळे उघडून घ्या म्हणेन. किंवा घेऊच नका.

चाकणला सीटबेल्टच्या चाचण्यांचं काम करतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

तो तिकोनी तुकडा खांद्याचा पट्टा खाली ओढतो हे खरं. पण दोन्ही पट्टे एकमेकांना बांधलेले, म्हणजे तो त्याच वेळी कमरेचा पट्टा वर ओढतो. गळा सुटला आणि पोट अडकलं. क्लिपचं तर आणखी वाईट. ती मुद्दाम पट्ट्यात ढील ठेवते. धडक बसली की आधी ती ढील संपेपर्यंत माणूस मोकळाच पुढे जातो आणि मग एकदम पट्ट्यावर आदळतो. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात संपतो. त्यात ढिलाईला वेळ द्यायला आपल्याकडे वेळच नसतो.

आता मूळ मुद्दा. तीन बिंदूंचा बेल्ट, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा आजचा नेहमीचा, निल्स बोहलिन यांनी व्होल्वोसाठी 1959 मध्ये आणला. त्याआधी ते साब कंपनीत विमानातल्या इजेक्शन सीटवर काम करायचे. त्या बेल्टची खरी करामत पट्ट्याच्या ताकदीत नव्हती, जागेत होती: दोन्ही पट्टे कमरेच्या बाजूला, खाली, एका बिंदूपाशी येऊन मिळतात. त्यामुळे भार जातो कुठे, तर कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर, छातीच्या पिंजऱ्यावर आणि खांद्याच्या हाडावर. शरीरातली जी हाडं मार सोसू शकतात, तीच बेल्ट पकडतो. पोटात हाड नाही. म्हणून पट्टा पोटावर गेला की बेल्ट लावूनही तो आपलं काम करत नाही.

तुमच्या आईंचा पट्टा वर का सरकतो? निऱ्या हे एक कारण, पण मोठं कारण सीटची लांबी असणार. एक गोष्ट पाहा: त्या पाठ पूर्ण टेकवून बसल्या, तर गुडघे सीटच्या कडेला वाकतात का? बहुतेक नाही. सीटची गादी त्यांच्या मांडीपेक्षा लांब आहे. मग पाय लोंबकळतात, पोटऱ्यांना कड टोचते आणि माणूस नकळत पुढे सरकून रेलून बसतो. रेललं की कंबर मागे झुकते, आणि कमरेची हाडं पट्ट्याला अडवायला समोर उरत नाहीत. धडकेत शरीर पट्ट्याखालून निसटतं. याला आम्ही सबमरीनिंग म्हणतो आणि मागच्या सीटवर आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच आहे.

म्हणून खाली जाड मऊ उशी नकोच. धडकेत ती दबते आणि कंबर आणखी खाली जाते. सीटला गुळगुळीत रेक्झिनचं कव्हर घातलंय का? असेल तर तेही काढा, त्यावर माणूस आणखी सहज घसरतो.

गाडी बनवणारे विचार करतात का? करतात, पण कुणाचा, ते ऐका. चाचणीतला नेहमीचा पुरुष डमी (धडकेत माणसाऐवजी बसवतात तो पुतळा) साधारण 175 सेंटीमीटर आणि 78 किलोचा. लहान चणीच्या बाईचा डमी साधारण 150 सेंटीमीटर आणि 49 किलो. तुमच्या आई 145. म्हणजे आमच्या सगळ्यात लहान बाईपेक्षाही त्या लहान आहेत. तो बाईचा डमीही बराचसा पुरुषाचाच आकार कमी करून बनवलेला. स्वीडनमध्ये अलीकडे सरासरी बाईचा, 162 सेंटीमीटरचा, वेगळा डमी तयार झाला, पण तो अजून सगळीकडे सक्तीचा नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात, समोरून धडक झाली तर बेल्ट लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा 73 टक्क्यांनी जास्त दिसली होती. बेल्ट लावलेल्या, हे पुन्हा वाचा.

अस्थी_आणि_मी

मी हाडांचा डॉक्टर. वरच्याच्या पुष्टीला दोन ओळी. पट्टा पोटावर असेल तर आतडं फाटणं आणि कमरेचा मणका आडवा चिरणं, असा जोड आम्ही पाहतो. पोटावर पट्ट्याचा आडवा काळानिळा वळ दिसला की आम्ही बाकी सगळं सोडून आत काय झालंय ते आधी बघतो.

काखेतून घेतलेला पट्टा त्याहून फसवा, कारण तो "लावलेला" दिसतो. सगळा भार खालच्या बरगड्यांवर येतो, आणि त्यांच्यामागे उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. ठिसूळ हाडांच्या बाईत तर बरगडी मोडायला फार काही लागत नाही. आईंना हे सांगा. आमच्याकडे येणाऱ्या आज्या "कायदा" म्हटलं की हसतात, "प्लीहा" म्हटलं की ऐकतात.

घाट_सम्राट

मग रेसिंगच्या गाड्यांसारखा चार पट्ट्यांचा हार्नेस का नाही बसवत? दोन्ही खांदे धरले जातील, गळ्याचा प्रश्नच मिटला. मी माझ्या गाडीत बसवून घेणार आहे.

टॉर्शनबार

सम्राट, थांबा. चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये दोन्ही खांद्यांचे पट्टे पोटासमोरच्या बकलला जोडलेले असतात. धडकेत ते ताणले की कमरेचा पट्टा वर खेचतात, म्हणजे परत सबमरीनिंग. म्हणूनच रेसिंगमध्ये दोन्ही मांड्यांमधून आणखी पट्टे घेतात, आणि खांदे पक्के जखडल्यावर एकटं डोकं पुढे झेपावतं म्हणून हेल्मेटला मानेचं वेगळं साधन बांधतात. हे सगळं घालून तुम्ही घाटात निघणार असाल तर फोटो टाका.

चिपळूणची_लेक

टॉर्शनबार, तुम्ही सांगितलं तसं तपासलं. आईला खाली पार्किंगमध्ये नेऊन मागे बसवलं, पाठ टेकवून. गुडघे सीटच्या कडेपासून चांगले चार बोटं आत. पाय जमिनीला टेकतच नाहीत. ती म्हणाली, "मग, सरकणार नाही तर काय करू?" आणि रेक्झिनचं कव्हर आहे, हो. डीलरने "फ्री" दिलेलं. त्याच्याखाली मधलं बकल पुरलेलं आहे हेही काल कळलं.

आता पुढचे प्रश्न. पुढच्या सीटला खांद्याजवळ पट्टा वर-खाली करायची सोय आहे, मागे नाही. मागेच का नाही? आणि तिला पुढे बसवणं बरं की मागे? सगळीकडे "मागची सीट सुरक्षित" असंच ऐकलंय.

टॉर्शनबार

मागची सीट सुरक्षित, हे लहान मुलांसाठी खरं आहे आणि त्यांना मागेच बसवायचं. म्हाताऱ्या माणसांचं गणित मात्र बदललंय, कारण गेल्या काही दशकांत सुधारणा झाल्या त्या पुढच्या सीटवर. मागच्या सीटकडे फार उशिरा लक्ष गेलं. पुढच्या बेल्टमध्ये दोन गोष्टी असतात. एक प्रिटेन्शनर: धडक कळताच छोटा स्फोट होऊन पट्टा मागे खेचला जातो, ढील संपते. मर्सिडीजने तो 1981 मध्ये एस-क्लासमध्ये एअरबॅगसोबत आणला. दुसरी लोड लिमिटर: पट्टा गुंडाळणाऱ्या रिळाच्या आत एक सळी असते, ठरावीक भारानंतर ती पिळवटत जाते आणि पट्टा थोडा थोडा सोडते, म्हणजे बरगड्यांवर येणारा भार एका मर्यादेत राहतो. (माझं इथलं नाव त्या सळीवरून घेतलंय. बायकोला अजून आवडलेलं नाही.)

स्वस्त गाड्यांत मागे बहुतेक दोन्ही नसतात. नुसतं रीळ, जे झटक्याने लॉक होतं आणि मग दगडासारखं धरून बसतं. तरुण माणूस ते सोसतो, 71 वर्षांच्या बरगड्या नाही.

"मग मागेही बसवा की," तर त्यात एक खरी अडचण आहे. पुढे लोड लिमिटरने पट्टा सोडला तरी डोक्यासमोर एअरबॅग असते. मागे पट्टा सोडला तर डोकं जाऊन पुढच्या सीटच्या पाठीवर आदळेल. सोडला नाही तर बरगड्या जातील. एकच सळी चाळीस किलोच्या आजीला आणि शंभर किलोच्या भाच्याला कशी पुरणार? यावर कामं चालू आहेत. फोर्डने एक्सप्लोररमध्ये मागच्या सीटला फुगणारा पट्टा दिला होता, भार छातीवर जास्त जागेत पसरावा म्हणून. व्होल्वोने 2025 मध्ये जाहीर केलेला पट्टा बसणाऱ्याची उंची, वजन, बसण्याची ढब पाहून किती जोर लावायचा ते ठरवतो. आधीच्या तीन पातळ्यांऐवजी त्यात अकरा आहेत. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2022 पासून समोरच्या धडकेच्या चाचणीत ड्रायव्हरच्या मागे लहान चणीचा डमी बसवायला सुरुवात केली, तेव्हा मागच्या सीटचे गुण कापले जाऊ लागले आणि कंपन्या जाग्या झाल्या. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या परवडणाऱ्या गाडीत सेन्सरची चैन नको. मागे खांद्याजवळ उंची बदलायची सोय, थोडी आखूड गादी, गादीच्या पुढच्या भागाखाली कंबर अडवणारा कडक उंचवटा आणि एक प्रिटेन्शनर, एवढं दिलं तरी निम्म्या आज्या वाचतील.

खांद्याची उंची बदलायची सोय मागे नाही, ती बहुतेक खर्चापायी. काही महाग गाड्यांत असते.

तुमच्या आईंसाठी आत्ताचं उत्तर: पुढे बसवा. सीट शक्य तितकी मागे, पाठ सरळ, खांद्याचा बिंदू (पट्टा वर जिथून निघतो तो) सगळ्यात खाली. पट्टा कॉलरच्या हाडाच्या मध्यावरून गेला पाहिजे. छाती आणि डॅशबोर्डमध्ये निदान 25 सेंटीमीटर, सीट मागे घेतली की त्याहून बरंच जास्त मिळेल. पायाखाली काही ठेवू नका, पाय डॅशबोर्डवर तर मुळीच नाहीत.

मोगरा_काकू

निऱ्यांचं मी सांगते, हे इंजिनियर लोक नाही सांगणार. बेल्ट निऱ्यांवरून नाही घ्यायचा. आधी बसायचं, मग निऱ्यांचा खोचलेला गठ्ठा दोन्ही हातांनी थोडा वर करायचा आणि पट्टा त्याच्या खालून, मांड्या सुरू होतात तिथे, चपटा बसवायचा. मग खांद्याचा पट्टा एकदा वर ओढायचा, म्हणजे कमरेचा आपोआप आवळतो. पदर पट्ट्याच्या बाहेर, पट्ट्याखाली त्याचा बोळा नको. पर्स मांडीवर ठेवायची तर पट्ट्याच्या वर. थंडीत स्वेटर उघडा ठेवून पट्टा आतून घ्यायचा. आणि ट्रकची भीती वाटते तर चष्म्यावर गॉगल लावा म्हणावं, मी तेच करते.

टॉर्शनबार

काकू, हे आमच्या मॅन्युअलमध्ये असायला हवं.

चिपळूणची_लेक

काकू, तुमची युक्ती चालली! आई पुढे बसली. खांद्याचा बिंदू सगळ्यात खाली आणल्यावर पट्टा गळ्यापासून सुटला, हाडाच्या मध्यावर नाही पण जवळपास. माणगावच्या पुढेही हात पट्ट्याबाहेर गेला नाही. ट्रक आला की डोळे मिटते, तेवढं चालतं.

शेवटचा प्रश्न. दादा पुढच्या वर्षी गाडी बदलतोय, म्हणून आईला घेऊन एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या एका गाडीत मागची गादी आखूड, खांद्याचा पट्टाही बरा बसला. पण बकल सीटच्या फटीत इतकं खोल की आईच्या बोटांना ते सापडेना. सेल्समन म्हणाला, "मॅडम, मागे कोण लावतं? हवं तर एक्स्टेन्शन देतो, फ्री." घेऊ का?

टॉर्शनबार

नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे बकलमध्ये अडकवायचा जादा तुकडा, लावलं की बकल कंबरेच्या बाजूवरून उचलून पोटासमोर येतं. बोहलिननी जो बिंदू खाली ठेवला, तोच तुम्ही हलवता. आणि लहान चणीच्या माणसाला तर तो जास्तच पुढे येतो.

त्याऐवजी बकल कडक दांड्यावर उभं असलेली गाडी पाहा, बेल्ट एका हाताने लागतो. ब्रोशरमध्ये "प्रिटेन्शनर" लिहिलेलं असेल तर पुढच्यांसाठी की मागच्या खिडकीजवळच्या सीटसाठीही, हे लेखी विचारा. मागच्या मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे ना, तेही पाहा. आणि आईंना शोरूममध्ये नुसतं बसवू नका, बेल्ट लावून पंधरा मिनिटं गप्पा मारत बसवा. त्या पुढे सरकल्या तर दुसरी गाडी बघा.