मदत हवी आहे: स्लॅबला काँक्रीट किती लागेल? ८.५ की १३ घनमीटर?

स्लॅब बाहेरून बाहेर ३० × २४ फूट, जाडी ५ इंच. बीम ९ × १५ इंच (स्लॅबची जाडी धरून), एकूण लांबी १३० फूट. जिन्यासाठी १० × ७ फूट मोकळं. माझ्या हिशोबाने ८.५ घनमीटर, कंत्राटदार १३ म्हणतोय. काँक्रीट एम२० (मजबुतीचा दर्जा) आहे.

प्रतिसाद १
दोन्ही आकडे चुकलेत. तुम्ही बीम धरलेच नाहीत. त्याने बीमची पूर्ण १५ इंच खोली धरली, म्हणजे वरचे ५ इंच दोनदा मोजले. जिना वजा केला नाही आणि वर १० टक्के लावले, की बरोबर १३ येतात.

स्लॅब: ७२० − ७० = ६५० चौ. फूट × ०.४१७ = २७१ घनफूट.
बीम, स्लॅबखालचे १० इंचच: ०.७५ × ०.८३३ × १३० = ८१ घनफूट.
एकूण ३५२, भागिले ३५.३ (एका घनमीटरचे घनफूट), म्हणजे १० घनमीटर. ५ टक्के वाढीव धरून १०.५. सळई वजा करू नका, फरक नगण्य असतो. छज्जा किंवा जिना त्याच दिवशी भरणार असाल तर तो वेगळा मोजा.

प्रश्नकर्ता
साइटवर मिक्सर लावला तर माल किती मागवू?

प्रतिसाद १
एम२० साठी १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) ला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या. म्हणजे सिमेंट ८५ गोण्या, वाळू १.६ ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट), खडी ३.१ ब्रास. वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते. घमेल्याने मोजताना प्रत्यक्षात कमी पडते, तेवढी वाढवून घ्या. पाणी गोणीला २५ ते २७ लिटर, वाळूतला ओलावा धरून. माल घट्ट वाटतो म्हणून कामगार पाइप सोडतात, तिथे लक्ष ठेवा.

प्रतिसाद २
हिशोब बरोबर आहे, पण माल कमी पडतो तो बहुतेक सेंट्रिंगमुळे (काँक्रीट ओतायचा खालचा प्लेट-टेकूंचा साचा). प्लेट सरासरी १ सेंमी जरी खाली बसली तरी या स्लॅबला ०.६ घनमीटर जादा जातं, म्हणजे सगळी ५ टक्के वाढ तिथेच संपली. ओतायच्या आधी वरून दोरी ताणून प्रत्येक खोलीत तीन-चार ठिकाणी प्लेटपर्यंतचं अंतर मोजा. ५ ऐवजी साडेपाच इंच येत असेल तर आधी टेकू ठोकून घ्या, माल नंतर मागवा.

रेडीमिक्स (प्लांटवरून गाडीने येणारं तयार काँक्रीट) घेणार असाल तर ६ घनमीटरची पहिली गाडी निम्मी रिकामी झाली की उरलेला भाग पुन्हा मोजा आणि मगच दुसऱ्या गाडीचा आकडा कळवा. मात्र प्लांट लांब असेल तर हे जमत नाही. मग थेट ११ सांगा, कारण अर्ध्यावर थांबून कोल्ड जॉइंट (आधीचा माल घट्ट झाल्यावर नवा ओतल्याने राहणारा सांधा) पडला तर तिथूनच गळती सुरू होते.