आईची स्कूटर गाडीतून कशी न्यायची? गाडी बदलू की स्कूटर?

गंगापूररोडकरीण

आई ७४ वर्षांची. संधिवात जुना. घरात वॉकरवर चालते, बाहेर पन्नास पावलांत थांबते. दिवाळीला तिच्यासाठी मोबिलिटी स्कूटर घेतली (दुचाकी नव्हे, हँडल, खुर्ची, चार छोटी चाकं, माणसाच्या चालीचा वेग). तेव्हापासून सोसायटीत आणि जॉगिंग ट्रॅकवर बाईसाहेबांची स्वारी रोज निघते.

अडतंय ते स्कूटर गाडीत घालून कुठे न्यायची म्हटलं की. आमची वॅगन आर २०२१ ची, सीएनजी, म्हणजे डिकीत सिलिंडर मुक्कामाला. स्कूटर ५२ किलोची. तिचे पाच भाग सुटतात: मोटरवाला मागचा भाग १७ किलो, पुढचा १२, बॅटरीपेटी ११, खुर्ची १०, बास्केट २. मोटरवाला भाग मागच्या सीटवर जुनी चादर टाकून ठेवते, बाकीचं सिलिंडरच्या आजूबाजूला कोंबते. गेल्या महिन्यात त्र्यंबकला तो १७ किलोचा भाग छातीशी धरून वळले आणि कमरेत अशी लचक भरली की परतीला गाडी शेजारच्या मुलानं चालवली.

भाऊ मुंबईत. फोनवर म्हणतो, "ईको व्हॅन घे, फळी लाव, विषय संपव." मला वाटतं गाडी राहू द्यावी, २५ किलोची घडीची, लिथियम बॅटरीवाली स्कूटर घ्यावी. आमचं भांडण तुमच्यापुढे ठेवते. लचक माझी आहे, एवढं लक्षात ठेवून मत द्या.

एसटी_निवृत्त

भावाचं बरोबर आहे. ईकोचं मागचं दार पूर्ण वर उघडतं, मागची सीट पुढे घडी केली की आत भरपूर मोकळी जागा. मी दोन मीटरची घडीची ॲल्युमिनियमची फळी ठेवतो. स्कूटर आपल्याच मोटरवर वर चढते, बॅटरी काढायची नाही की खुर्ची काढायची नाही. मिसेसना अर्धांगवायू झाला त्याला चार वर्षं झाली, आमची एकही वारी चुकली नाही. पाच तुकडे करायचे म्हटलं की माणूस आधी बाहेर जायचाच कंटाळा करतो. घडीच्या स्कूटरचंही तेच: २५ किलो एका दमात उचलायचे. तुमच्याकडे आत्ता सर्वांत जड तुकडा १७ चा आहे. पैसे खर्चून वजन वाढवताय का?

सातपूर_गॅरेज

काका, शेवटचा मुद्दा लाखाचा. पण फळीचं गणित बघा. ईकोचा तळ जमिनीपासून ६५ सेंमी धरा. दोन मीटरच्या फळीवर तो चढ १९ अंशांचा होतो. इमारतीतल्या रॅम्पला १:१२ चा उतार (एक फूट चढायला बारा फूट लांबी) धरतात, त्या हिशोबानं फळी पावणेआठ मीटर लागेल! लहान स्कूटरी सहा-आठ अंशांच्या चढासाठी बनवलेल्या असतात. रिकामी म्हणून थोडी जास्त चढेल, पण फळी संपून तळ सुरू होतो तिथे तिचं पोट टेकतं आणि मागची दोन आधारचाकं (उलटू नये म्हणून लावलेली) अडकतात. मग मागून रेटा. १९ अंशांवर ५२ किलोची स्कूटर मोटरीशिवाय धरून ठेवायला साधारण १७ किलोचा जोर लागतो. म्हणजे ताईंचे तेच १७ किलो, फक्त आता वाकून!

एसटी_निवृत्त

गणित कागदावर. मी गाडी मागे घेऊन फुटपाथच्या कडेला लावतो आणि फळी फुटपाथवरून टाकतो. पंधरा सेंमी तिथेच वाचतात. पोट टेकतं हे मान्य, तिथे फळीच्या टोकाखाली गोणपाटाची घडी सरकवतो. चार वर्षांत एकदाच अडकली.

सागर_७८

एवढा खटाटोप कशाला? ईकोत आईंना स्कूटरवर बसवूनच आत घ्या आणि पट्टे लावा. उतरवायचा प्रश्नच नाही.

सातपूर_गॅरेज

सागरभाऊ, हे अजिबात करू नका. स्कूटरची खुर्ची एका नळीवर उभी असते. ती चालत्या गाडीत माणूस धरून ठेवायला बनवलेली नाही, कंपन्या माहितीपुस्तकात तसं बजावतात. माणूस गाडीच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. रिकामी स्कूटरसुद्धा रॅचेट पट्ट्यानं (खटक्यानं आवळायचा पट्टा) दोन ठिकाणी बांधायची. अर्जंट ब्रेक लागला की मागच्या सीटवरचा तो मोटरवाला भाग पुढच्याच्या डोक्यावर येतो. ताई, चादर नका टाकू, पट्टा टाका.

लेस्टरहून

इकडे इंग्लंडात सासऱ्यांच्या गाडीच्या डिकीत छोटा इलेक्ट्रिक हॉइस्ट आहे. हुक अडकवायचा, बटण दाबायचं, स्कूटर उचलली जाते, हातानं आत वळवायची. वजन उचलायचं नाही, फळी नाही, पोट टेकणं नाही. ८० किलोपासून पुढे उचलणारे मिळतात. दुसरा पर्याय टो-बारवरचा (गाडीमागे काही ओढायला लावतात तो दांडा) मागचा प्लॅटफॉर्म. भारतातही चांगला फॅब्रिकेटर सहज करून देईल. तुम्ही लोक अजून फळीवरच भांडताय याचं आश्चर्य वाटलं.

नियमवाले_काका

आश्चर्य आवरा. मागचा प्लॅटफॉर्म लावला की नंबरप्लेट आणि लाल दिवे झाकले जातात. तिकडे तिसरी प्लेट लावून मिळते, इकडे सुरक्षा नंबरप्लेट पुढे एक आणि मागे एक, संपलं. शिवाय छोट्या गाडीच्या मागच्या टोकावर ५२ किलो आणि वर लोखंडाचं वजन लटकवायचं, आणि मग आमचे स्पीडब्रेकर! हॉइस्टचं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, पण २०१९ च्या दुरुस्तीत दिव्यांगांसाठी अनुकूलित वाहनाची सोय आहे. आधी आरटीओत लेखी विचारायचं, मग ड्रिल हातात घ्यायचं. उलटं केलं तर विमावाला हात वर करतो.

लेस्टरहून

प्लॅटफॉर्मबद्दल माघार. हॉइस्टबद्दल नाही. मात्र खरं सांगतो, हॉइस्ट आणि स्कूटर गेली की डिकीत भाजीची पिशवीही मावत नाही. तुमच्या सिलिंडरवाल्या डिकीत तर तो बसवणार कुठे, हाच प्रश्न.

स्वतः_चालवते

मला लहानपणी पोलिओ झाला, अकरा वर्षं स्कूटर वापरते. इतका वेळ वाचतेय. स्कूटर कशी चढेल यावर सगळे बोलताय. आई कशी चढेल?

संधिवाताच्या माणसाला वॅगन आरसारखी सीट बरी: फार खाली बसावं लागत नाही, फार वर चढावं लागत नाही, पाठ टेकून पाय आत वळवता येतात. ईकोत पुढच्या सीटखाली इंजिन आहे. पुढे बसायचं म्हणजे पाय उचलून चढणं आलं. काकांच्या मिसेसना जमतं, सगळ्यांना जमेलच असं नाही.

घडीच्या स्कूटरवरही माझं भाबडं प्रेम नाही. ताई, तुमचा मुद्दा मी एका बाबतीत मान्य करते: विमानप्रवास असेल तर लिथियमवाली बरी, काढता येणारी ३०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विमान कंपनीला आधी सांगून केबिनमध्ये नेता येते. पण तुम्हाला जायचंय त्र्यंबकला आणि घाटावर. हलक्या स्कूटरची चाकं बारकी, फरशीच्या फटीत बसतात. वळताना अंग एका बाजूला जातं आणि जीव घशात येतो.

मी असते तर स्कूटर तीच ठेवली असती. बॅटरीपेटीत बहुतेक दोन बॅटऱ्या असतात. त्या वेगळ्या करता येतात का, दुकानात विचारा. आणि पुढेमागे गाडी बदललीच तर सिलिंडर डिकीत नसलेली बघा. टाटाच्या पंचमध्ये ३०-३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली आहेत. डिकी तरी लहानच, २१० लिटर, आपले तुकडे घेऊन जाऊन मांडून बघितल्याशिवाय बुकिंग करू नका. अर्टिगा घ्याल तर पेट्रोलची; सीएनजीवालीत टाकी पुन्हा तिसऱ्या रांगेच्या मागेच.

एसटी_निवृत्त

चढण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मिसेसचा उजवा पाय धड आहे, म्हणून आमचं निभावतं.

गंगापूररोडकरीण

रविवारी शेजाऱ्यांच्या ईकोजवळ आईला नेलं. तिनं दाराची कड हातानं चाचपली, एक पाय उचलला, परत खाली ठेवला. म्हणाली, "स्कूटरला फळी लावताय, मला काय शिडी लावणार?" ईको बाद. भावाला अजून सांगितलेलं नाही.

दुकानदारानं घडीची स्कूटर दोन तास दिली होती. घाटावर दगडी फरशीवर आईनं वीस फूट चालवली, उतरली आणि "ही परत कर" म्हणाली. तर माझाही पर्याय बाद, घ्या!

बॅटऱ्या वेगळ्या होतात. आता दोन कापडी पिशव्यांत नेते. रॅचेट पट्टे आणले. राहिला १७ किलोचा तुकडा. तो सध्या सोसायटीचा वॉचमन चढवतो, उतरवायला त्या-त्या ठिकाणी कुणाला तरी दादा-भाऊ म्हणायचं. हे मला पटलेलं नाही. आरटीओत हॉइस्टबद्दल अर्ज दिलाय, पण सिलिंडर काढून नुसती पेट्रोलवर चालवायची की गाडीच विकायची हे ठरत नाही.

एसटी_निवृत्त

सिलिंडर काढू नका, महिन्याचा हिशोब करून बघा, रडू येईल. आणि ईको इतक्यात बाद करू नका. सुताराकडून आठ इंची लाकडी पायरी करून घेता येते, वर रबर ठोकायचं. पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय. पायरी घेऊनच येतो.

स्वतः_चालवते

काका, पायरीला हात धरायला काही आहे का?