टायर-रिमचा साईझ आणि गाडीची चाल : खान्देशकरांनो, अनुभव लिहा

गिरणाकाठ
छोटी टर्बो हॅचबॅक असो की कुणाच्या नशिबातली खरी स्पोर्ट्स कार, आपल्याकडे पहिला खर्च रिमवर होतो. साईझ बदलल्यावर पिकअप, स्टिअरिंग, घाटातली पकड यांत काय फरक पडला ते आकड्यांसकट लिहा. 'लई भारी पळते' एवढ्यावर भागणार नाही.

माझं : २०५/५५ आर१६ काढून २२५/४५ आर१७ (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, 'आर' पुढचा रिमचा व्यास इंचांत). बाहेरचा व्यास ६३२ मिमीचा ६३४ झाला, म्हणजे स्पीडोमीटर होता तसाच. साइडवॉल मात्र ११३ वरून १०१ मिमी. कन्नड घाटात स्टिअरिंग फिरवलं की गाडी तत्काळ वळते. पण काळ्या मातीवरचा रस्ता जिथे फुगून लाटांसारखा झालाय, तिथे पाठीचे मणके मोजून होतात.

लळिंग
मित्राच्या गाडीला १८५/६० आर१५ होते. दुकानदाराने १९५/५५ आर१६ चढवून दिले. ६०३ चे ६२१ मिमी, तीन टक्के जास्त. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी १०३ ला असते. सुरत रोडला आरपीएम (इंजिनचे फेरे) जरा कमी राहतात, ते बरं. पण टोलनाक्यावरून उठताना गाडी जडावलेली, जणू सगळे गिअर लांब केलेत. बिचारा इंजिनचा दोष समजून प्लग बदलत बसला होता.

केळीबाग
काय भो, हवेचं कुणीच बोलेना! रावेर-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. टायर ५-६ अंशांनी तापला की हवेचा दाब साधारण १ पीएसआय वाढतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. दुपारी वाढली म्हणून सोडायची नाही. लो प्रोफाइलला (बुटक्या साइडवॉलच्या टायरला) तर हे जास्तच पाळा. हवा कमी आणि पुढे खड्डा, की साइडवॉलला फुगा किंवा रिम वाकडी.

सातपायरी
मी उलटा गेलो. १७ च्या जड रिम काढून १६ च्या हलक्या अलॉय, बाहेरचा व्यास तोच. ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क आवळणाऱ्या भागाला) रिम घासत नाही ना, हे आधी तपासलं. चाकाचं वजन नुसतं वाहायचं नसतं, फिरवायचं आणि थांबवायचंही असतं. तोरणमाळ चढताना प्रत्येक वळणानंतर गाडी लवकर उचलते. खराब डांबरावर चाक उडत नाही, रस्ता धरून राहतं. फोटोत शोभा कमी, मान्य.

यार्डातला
रुंद टायर म्हणजे वेग, हा समज सोडा. २०१२ च्या टोयोटा जीटी८६ ला २०० एचपी असून २१५/४५ आर१७ चे, तेही मायलेजवाल्या हायब्रिडला शोभतील असे टायर दिले. मुद्दाम. कमी वेगातही मागची बाजू सरकावी, गाडी खेळवता यावी. उलट पोर्शे ९११ कॅरेरा एस (९९२ पिढी) ला पुढे २४५/३५ आर२०, मागे ३०५/३० आर२१; इंजिनच मागच्या आसाच्या मागे, मग भारही तिकडेच.

कोंडाईबारी
पावसाळ्याचं एक : टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. नक्षी झिजलेली असेल तर घाटाखालच्या साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग एकदम हलकं होतं. तेव्हा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा.

सातपायरी
@लळिंग, मित्राला १६ चीच रिम ठेवायची असेल तर १९५/५० घे म्हणावं. ६०१ मिमी होतात, मूळच्या दोनच कमी. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा अंक) ८४ च्या खाली नको.