१९७७ च्या निवडणूक निकालाने नेमकं काय बदललं?

प्रश्न : आजोबा आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात होते. ते गेले, पण त्यांची पत्रं आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी ट्रंकेत आहेत. काही ओळींवर शाई फासलेली. वाचताना पोटात तुटतं. जनता पक्षाचं सरकार तर १९७९ मध्येच पडलं. मग हाती काय राहिलं?

प्रतिसाद : राहिलं ते राज्यघटनेत राहिलं. १९७८ ची ४४ वी दुरुस्ती जरूर वाचा. आधी 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर आणीबाणी लावता यायची. आता 'सशस्त्र उठाव' लागतो, आणि मंत्रिमंडळाचा लेखी सल्लाही. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, आणीबाणीतसुद्धा स्थगित करता येत नाही. आजोबांना हेच तर नाकारलं गेलं होतं.

प्रतिसाद : मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नारायण पेठेत राहायचे. पुण्यातून जनता पक्षाचे मोहन धारिया उभे होते. सरकारविरोधी आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी बोला म्हटल्यामुळे मंत्रिपद गेलेला माणूस! निकालाच्या रात्री रेडिओभोवती सगळा वाडा जमलेला. रायबरेलीत इंदिराबाई हरल्याचं कळलं आणि आई रडायलाच लागली. मामा सुटणार म्हणून. पुढे जनता पक्षवाले आपसांत भांडले, १९८० ला काँग्रेस ३५३ जागा घेऊन परतली, त्याचा राग मला अजून आहे. तरी ती पत्रं जपा. प्लॅस्टिकमध्ये नको, सुती कापडात ठेवा.

प्रश्नकर्ता : आजच कापड आणते, मावशी.