पाळणाघर : नोटीस न देता मूल काढले, एका महिन्याची फी मागता येईल का?

सोनचाफा (डोंबिवली) :
मी नऊ वर्षांपासून राहत्या घरात पाळणाघर चालवते. गेल्या गुरुवारी, ३ जुलैला, रात्री दहा वाजता एका मुलाच्या आईचा व्हॉट्सॲपवर निरोप आला की उद्यापासून बाळ येणार नाही. एक महिना आधी सांगायचे ठरलेले असूनही त्यांनी ते पाळले नाही आणि आता फोनही उचलत नाहीत. मला एका महिन्याची फी मिळायलाच हवी. वकिलाची नोटीस पाठवायला किती खर्च येतो, हे कृपया लवकर सांगावे.

कोर्टकचेरी :
ठरलेले म्हणजे तोंडी, की कागदावर सही घेऊन? फी आगाऊ घेता की महिना भरल्यावर? डिपॉझिट किती आहे? हे समजल्याशिवाय खर्चाचे बोलणे व्यर्थ आहे.

ठाणेकर :
सरळ ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) जा, तिथे वकील लागत नाही. माझ्या मेहुण्याला बिल्डरकडून अडकलेले पैसे तिथूनच परत मिळाले.

कोर्टकचेरी :
ठाणेकर, तुमचे मेहुणे ग्राहक होते. ताई सेवा देणाऱ्या आहेत. थकलेली फी वसूल करण्यासाठी त्यांना तिथे दाद मागता येत नाही. डिपॉझिट अडवून धरले, तर त्या आईलाच तिथे जाता येईल.

सोनचाफा :
प्रवेशाच्या वेळी मी नियमांचा छापील कागद देते आणि त्यावर पालकांची सही घेते. फी ७,००० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ; जुलैची आलेली नाही. डिपॉझिट ३,००० रुपये आहे. हे सगळीकडे असेच असते, म्हणून लिहिले नव्हते.

मुरलेलं लोणचं :
बावीस वर्षे कोथरूडला पाळणाघर चालवल्यावर सांगते : डिपॉझिट पूर्ण एका महिन्याच्या फीइतकेच घ्यावे आणि ते शेवटच्या महिन्याची फी म्हणून वळते होईल असे लिहून ठेवावे. मग कोणी रात्री दहाला निरोप धाडो की पहाटे चारला, आपण भांडायला जायचे कारण उरत नाही.

स्टॅम्पवाला :
शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नसेल, तर तो कागद रद्दीच्या भावाचा आहे.

कोर्टकचेरी :
दोन्ही विधाने चूक आहेत. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो. शिवाय मुद्रांक नसल्यामुळे करार रद्द होत नाही. तो कोर्टात पुरावा म्हणून दाखल करायचा झाल्यास बुडालेले शुल्क दंडासह भरावे लागते.

नोकरदार आई :
पालकांनी महिनाभर आधी सांगायचे, हे समजले. पण तुम्ही पाळणाघर बंद ठेवणार असाल, तर किती दिवस आधी सांगायचे, हे त्या कागदावर आहे का? आमच्या ताईंनी शनिवारी सांगितले आणि सोमवारपासून दहा दिवस गावी गेल्या. फी मात्र पूर्ण घेतली. ते दहा दिवस मी आणि नवऱ्याने आळीपाळीने रजा टाकून काढले.

सोनचाफा :
तसे काही लिहिलेले नाही. मे महिन्यात सासूबाईंच्या आजारपणामुळे मीसुद्धा आठवडाभर बंद ठेवले होते, पण तो नाइलाज होता.

मुरलेलं लोणचं :
रजा सगळ्यांनाच लागते. वर्षाच्या सुट्ट्या जूनमध्येच लिहून द्याव्यात.

कोर्टकचेरी :
भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली भरपाईची रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट तिच्या आत राहून वाजवी तेवढीच भरपाई देते, आणि नुकसान किती झाले हे त्यात पाहिले जाते. म्हणून आणखी एक प्रश्न : ती जागा अजून रिकामी आहे का?

सोनचाफा :
मी आठच मुले घेते आणि दोन पालक थांबलेले होते. परवा, सोमवारपासून, त्यांच्यापैकी एक मुलगी यायला लागली.

नोकरदार आई :
हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते.

कोर्टकचेरी :
मग पूर्ण महिन्याची मागणी टिकणे कठीण आहे. जागा भरेपर्यंतच्या, म्हणजे १ ते ६ जुलै या दिवसांची फी साधारण १,३५५ रुपये होते. ती डिपॉझिटमधून वळती करत असल्याचे हिशेबासह व्हॉट्सॲपवर कळवा आणि उरलेले १,६४५ रुपये परत करा. वकिलाच्या नोटिशीला यापेक्षा जास्त खर्च येईल. फक्त डिपॉझिट कशासाठी घेतले आहे, असे कागदावर लिहिले आहे ते आधी पाहा.

सोनचाफा :
कागद काढून पाहिला. ‘मोडतोडीसाठी’ असे लिहिले आहे, आणि त्या मुलाने काहीही मोडलेले नाही. त्याची गोधडी आणि निळ्या झाकणाचा डबा अजून माझ्या फडताळात आहे. ते न्यायला येतील तेव्हा हिशेब समोर ठेवून त्यांची संमती विचारते. नव्या मुलीच्या कागदात काय लिहावे, याचा नमुना कोणाकडे असल्यास द्यावा. तिच्या आईची सही अजून घ्यायची आहे.